ऑइलच्या तापमानाचा काटा शंभरावर गेला म्हणून घाबरू नका
इंजिन ऑइलचा काटा शंभर डिग्रीवर गेला की लगेच गाडी बाजूला घ्या असं काही जण सांगतात, ते काही पटलं नाही, एअर-कूल्ड (नुसत्या हवेवर इंजिन थंड होणाऱ्या) गाडीत उन्हाळ्यात ऑइल १००-११० डिग्रीला जातंच. मला तर थंडीत काटा वर चढत नाही त्याची जास्त काळजी. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) जागी बसणारं डायलवालं थर्मामीटर लावलंय, जानेवारीत घरून इंदूरचा राजवाडा चार किलोमीटर, तेवढ्यात काटा जेमतेम ५०, आणि एकदा ऑइलचं झाकण उघडून बघतो तर आत पांढरट साय, थेट इथल्या सराफा बाजारातली रबडी! पेट्रोल जळताना होणारं पाणी ते, ऑइल नीट तापल्याशिवाय उडत नाही. रविवारी शहराबाहेर सिमरोलकडे तासभर पळवली, साय गायब. आणि हो, थर्मामीटरची दांडी ऑइलात बुडते ना ते बघून घ्या, माझी पहिली आखूड निघाली, महिनाभर नुसती वाफ मोजत होतो.