विषय: कढीपत्त्याची सगळी पानं गळाली, झाड गेलं का?

शॉमबर्गहून

नमस्कार मंडळी,

तिळगुळाच्या मेल्स चालू असताना मध्येच विचारतेय. आमचा कढीपत्ता उन्हाळाभर डेकवर होता, छातीएवढा वाढला. ऑक्टोबरमध्ये आत आणून पॅटिओच्या काचेच्या दारापाशी ठेवला. थँक्सगिव्हिंगपासून पानं पिवळी पडून गळायला लागली, आता नुसत्या काड्या उरल्यात. रोज सकाळी न चुकता पाणी घालते, मागच्या आठवड्यात खतही दिलं. सासूबाई पुण्याहून फोनवर आधी झाडाची चौकशी करतात, मग आमची. टाकून द्यावं की काही आशा आहे?

ऑरोराहून

अगं, टाकू नकोस, ताक घाल! आंबट ताकात तेवढंच पाणी, आठवड्यातून एकदा. कोल्हापूरला आईच्या परसातलं झाड ताकावरच पोसलंय. आणि नाहीच जगलं, तर माझा भाऊ फ्लोरिडातल्या टँपाहून मार्चमध्ये गाडीने येतोय. त्याच्याकडे झाडाखाली फुटवेच फुटवे आहेत. एक कुंडीत घालून आणायला सांगते.

नेपरव्हिलहून

शॉमबर्गच्या ताई,

आधी नखाने फांदीची साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर तेवढा भाग जिवंत आहे. कोरडं, तपकिरी असेल तर थोडं खाली सरकून पुन्हा खरवडा. अगदी बुडाशी हिरवं सापडलं तरी पुरे. कढीपत्ता खोडावरूनही फुटतो आणि मुळांवरूनही.

आता पानं का गळाली ते सांगतो. कृषी महाविद्यालयात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबेल. डेकवर भर उन्हात लाखभर लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो. डिसेंबरच्या ढगाळ दिवशी काचेच्या आत हजार-दोन हजार मिळाले तरी नशीब. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण डोळे सावरून घेतात. पुण्यात डिसेंबरातला दिवससुद्धा ११ तासांचा असतो, इथे शिकागोजवळ जेमतेम ९ तासांचा. मग जेवढ्या पानांचा खर्च उजेडातून निघत नाही तेवढी पानं झाड सोडून देतं. पान धडधाकट असतं तोवर त्यातून देठाकडे ऑक्झिन हे संप्रेरक वाहत असतं आणि सांधा पक्का राहतो. उजेड घटला, गारठा लागला की तो ओघ आटतो, पानं गाळायला लावणाऱ्या इथिलीन वायूचा जोर होतो आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सुटा होतो. म्हणून तर नुसता हात लागला तरी पानं टपटप पडतात.

त्यात तुमची जागा वाईट. रात्री काचेलगतची हवा खोलीपेक्षा बरीच गार असते, आणि ५० फॅरनहाइटच्या खाली कढीपत्ता झोपीच जातो. दारापाशी जमिनीत हीटरचा व्हेंट असेल तर शेंड्याला कोरडा गरम वारा आणि मुळांना थंडी, असा दुहेरी मार. कुंडी तिथून हलवा.

इथवर जे झालं त्याने झाड मरत नाही. मरतं ते पाण्याने. कुंडीतलं पाणी ओढून हवेत सोडण्याचं काम पानं करतात. पानंच नसतील तर घातलेलं पाणी तिथेच बसतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वर काड्या दिसतात म्हणून माणूस काळजीपोटी आणखी पाणी घालतो. ताई, तुमचं ते ‘न चुकता’ वाचून मला धडकी भरली. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण मोकळी, येऊन वरून सुकली असेल तरच पाणी, तेही कोमट, आणि बशीत साचलेलं ओतून टाका. बाकी झाडाला विसरा. खत एप्रिलपर्यंत बंद. पानं नसताना ते कोणी खात नाही, नुसते क्षार साठतात.

ऑरोराच्या ताईंच्या ताकाशी माझं भांडण नाही, पण कोल्हापूरच्या परसात माती तापलेली असते, तिथे ते जिरतं. जानेवारीत दिवाणखान्यातल्या कुंडीत ताक घातलंत तर वास सुटेल आणि चिलटं होतील. शिवाय पुन्हा पाणीच ते! जूनमध्ये डेकवर घाला हवं तर. तेव्हा पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल असं लोह) द्या, गुण लवकर येतो.

टँपाचं रोप मात्र कृपा करून आणू नका. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. विदर्भातले संत्रेवाले ज्या सिट्रस सायलाने हैराण असतात, तीच कीड कढीपत्त्याच्या कोवळ्या फुटीवर अंडी घालते. फ्लोरिडात ती १९९८ साली सापडली आणि २००५ साली तिच्यामागून, ती पसरवते तो, झाडं खंगवणारा ग्रीनिंग रोग. तेव्हापासून तिथल्या संत्राबागांची काय दैना झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. कढीपत्त्याची रोपं राज्याबाहेर नेण्यावर त्यामुळेच निर्बंध आहेत. भारतातून ताजी पानं बॅगेत आणली तर विमानतळावर काढून घेतात, तेही याच कारणाने.

मॅडिसनहून

काका, आमच्याकडे तुमच्याहून गारठा जास्त, तरी पानं टिकतात. बेसमेंटमध्ये एलईडी ग्रो लाइट, शेंड्यापासून फूटभर वर, टायमरवर १४ तास. गळतात ती थोडी, ऑक्टोबरात. मला त्रास होतो तो लाल कोळी या बारीक किडीचा. हीटिंगच्या कोरड्या हवेत हमखास येतात, पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली जाळी. बाथटबमध्ये शॉवरखाली पानं खालून-वरून धुते, आठवडाभराने पुन्हा.

शॉमबर्गहून

काका, खरवडलं. शेंडे तपकिरी, गुडघ्याच्या खाली हिरवं! पण माती चिखलासारखी आहे आणि कुबट वास येतोय. कुंडी आत्ता बदलू की वसंतात?

नेपरव्हिलहून

एरवी मी मे म्हटलं असतं, पण वास आलाय तर आजच. झाड काढून जुनी माती झाडून टाका. काळी, बोटांनी दाबल्यावर साल निसटणारी मुळं कापा. पांढरी, टणक राहू द्या. उरतील तेवढ्या मुळांच्या मापाची कुंडी घ्या, म्हणजे आहे त्याहून लहान. पॉटिंग मिक्समध्ये एक तृतीयांश पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके खडे). वरच्या मेलेल्या फांद्या हिरव्यापर्यंत छाटा, आणि मग मॅडिसनच्या ताई म्हणतात तसा दिवा लावा. कोंब दिसायला महिना-दोन महिने लागतील, तोवर माती वरून सुकल्याशिवाय पाण्याचं भांडं हातात घेऊ नका. बाहेर काढायची घाई मदर्स डेच्या आधी नको, आणि तेव्हाही पहिला आठवडा सावलीत.

ऑरोराहून

भावाला नको सांगितलं. शॉमबर्गवाली, सासूबाईंना सांग, माझ्या फ्रीझरमध्ये उन्हाळ्यातली पानं भरपूर आहेत. शनिवारी हळदीकुंकवाला येशील तेव्हा पिशवी घेऊन जा.