बाळाचं ऑक्सिजन ६५ दिसत होतं तरी डॉक्टर शांत कसे?

प्रश्न: आमचं बाळ वेळेआधी, २९ आठवड्यांतच जन्मलं, जन्मल्यावर उजव्या हाताला लाल लाइटवाली पट्टी लावली आणि मॉनिटरवर ६५ आलं, माझा जीव खालीवर, आणि डॉक्टर म्हणे ठीक आहे, वाढतंय. फुल ऑक्सिजन का नाही दिला?

उत्तर १: मी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नर्स आहे. अहो पोटात असतानाच बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ६० च्या आसपास असतं, जन्मल्या जन्मल्या ९५ कुणाचंच नसतं. पाचव्या मिनिटाला ८० च्या वर गेलं की आम्ही सुटकेचा श्वास सोडतो. आणि पट्टी उजव्याच हाताला, कारण मेंदूकडे जाणारं रक्त तिथे नीट कळतं.

उत्तर २: आणि फुल दिला तर डोळ्यांच्या पडद्याला धोका, आरओपी म्हणतात त्याला, फुफ्फुसांनाही त्रास. म्हणून ब्लेंडरवर (हवा आणि ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) साधारण ३० टक्के ऑक्सिजनपासून सुरू करून रीडिंग बघत कमीजास्त करतात. पण सॅच्युरेशन कमी ठेवणंही बरं नाही हां, मोठ्या अभ्यासांत ८५ ते ८९ वर ठेवलेल्या बाळांमध्ये मृत्यू जास्त दिसले, म्हणून नंतर एनआयसीयूत ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतात.

उत्तर ३: आकड्यापेक्षा आधी श्वास आणि हार्ट रेट बघतात, १०० च्या खाली ठोके असतील तर मास्कने हवा देणं पहिलं काम. डोळ्यांची तपासणी मात्र चुकवू नका, जन्मानंतर साधारण ४ आठवड्यांनी असते, डिस्चार्ज झाला असला तरी.

प्रश्नकर्ता: तपासणीचं कुणी बोललंच नव्हतं! उद्याच विचारते.