कमी खर्चात देशी बनावटीची स्वयंपाकाची सुरी: निवड कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. गेल्या दोन वर्षांत मी स्वयंपाकघरासाठी तीन सुऱ्या घेतल्या आणि आज त्यांपैकी एकही धड कामाची राहिलेली नाही. पहिलीच्या मुठीत पाणी मुरून आतल्या पोलादाला गंज चढला आणि मूठ हलू लागली. दुसरीचे टोक डब्याचे झाकण उचकटताना मोडले. तसा वापर मी करायला नको होता, हे मान्य आहे. तिसरी सर्वांत महाग होती, तिच्या खोक्यावर ‘सर्जिकल स्टेनलेस स्टील’ असे ठळक अक्षरांत छापले होते, आणि तीच सर्वांत जास्त निराशा करणारी निघाली. धार लावून आणली की चार दिवसांत ती टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागते. साल कापली जात नाही, नुसती आत दबते.

आता नवी सुरी घेताना माझ्या दोन अटी आहेत. किंमत माफक असावी आणि ती आपल्याच देशात तयार झालेली असावी. माझे वडील आयुष्यभर अवजारांच्या कारखान्यात कामाला होते आणि चांगले पाते घडवायला किती हातांची मेहनत लागते, हे मी लहानपणी जवळून पाहिले आहे. म्हणून माझे पैसे अशा हातांपर्यंत पोहोचावेत, असे मला मनापासून वाटते. पण या अटींमुळे दर्जाशी तडजोड करावी लागेल का? पोलादाच्या नावांतून काही कळते का? घडीव सुरी घ्यावी की पत्र्यातून कापलेलीही चालेल? आणि पात्यावर देशाचे नाव छापले आहे म्हणजे सुरी खरोखर तिथेच बनली, असे समजावे का?

प्रतिसाद १

सुऱ्या आणि कात्र्यांना धार लावणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे, त्यामुळे आपल्या तिसऱ्या सुरीसारख्या सुऱ्या माझ्याकडे जवळजवळ रोज येतात. ‘सर्जिकल’ हे पोलादाच्या कोणत्याही ठरावीक प्रतीचे नाव नाही. तो विक्रीसाठी वापरलेला शब्द आहे आणि त्यावरून पात्यात कार्बन किती आहे किंवा पाते किती कठीण केले आहे, यांपैकी काहीच समजत नाही.

पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असले की त्याला स्टेनलेस म्हणतात. इंग्लंडमधल्या शेफील्ड या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध शहरात हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये असे पोलाद तयार केले आणि सुऱ्यांच्या धंद्याचे रूपच पालटले. मात्र क्रोमियम गंजापासून वाचवते, धार टिकवण्यासाठी कार्बन लागतो. स्वस्त सुऱ्यांत ४२० या वर्गातले पोलाद बहुधा असते आणि त्यातल्या कमी कार्बनच्या प्रकारांत धार फार काळ राहत नाही. एक्स५०सीआरएमओव्ही१५, ज्याला १.४११६ असेही म्हणतात, त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि जवळपास १५ टक्के क्रोमियम असते; ते नीट पाणी देऊन, म्हणजे तापवून आणि वेगाने थंड करून, तयार केले तर कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर ५५ ते ५७ इतके कठीण होते. घरच्या वापराला एवढा कठीणपणा पुरेसा आहे. याहून कठीण पाते धार जास्त दिवस धरते खरे, पण हाडावर किंवा गोठलेल्या पदार्थावर पडले की त्याचा टवका उडतो, आणि टवका घासून काढणे हे वेळखाऊ काम असते.

नुसते पोलादाचे नाव वाचून मात्र निर्णय घेऊ नका. पाते हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापवून वेगाने थंड करायचे आणि मग दीडशे ते दोनशे अंशांवर पुन्हा तापवून त्यातला ठिसूळपणा घालवायचा, हे काम ज्या कारखान्यात काळजीपूर्वक होते तिथल्या साध्या पोलादाची सुरी, निष्काळजीपणे पाणी दिलेल्या उंची पोलादाच्या सुरीपेक्षा चांगली निघते, हे मी दगडावर हाताने अनुभवलेले आहे. मऊ पाते दगडावर चिकटल्यासारखे ओढले जाते आणि त्याची कणी, म्हणजे घासताना धारेवर उलटून राहणारी धातूची बारीक कड, कितीही घासली तरी लवकर सुटत नाही. म्हणून जो उत्पादक पोलादाची प्रत आणि कठीणपणा दोन्ही स्पष्ट लिहितो, त्याला मी पहिली पसंती देतो.

आता ज्या गोष्टीकडे ग्राहकाचे क्वचितच लक्ष जाते ती सांगतो: पात्याची जाडी. सुरीची पाठ जाड असायला हरकत नाही, पण धारेच्या लगेच मागे पाते पातळ व्हायलाच हवे. अंगठा आणि तर्जनी पात्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून पाठीकडून धारेकडे हलकेच आणा आणि धारेच्या थोडे अलीकडे थांबा. पाते एकसारखे निमुळते होत गेल्याचे बोटांना जाणवले पाहिजे. शेवटपर्यंत जाड राहून अगदी धारेशी एकदम उतार दिलेला असेल, तर ती सुरी नवी असताना कागद कापून दाखवील, पण भाजीत शिरताना पाचरीसारखी अडकेल. त्यानंतर सुरी डोळ्यांसमोर आडवी धरून मुठीपासून टोकापर्यंत धारेच्या रेषेवरून नजर फिरवा. पाते वाकडे असेल तर ते लगेच दिसते. शेवटी धार वर करून दिव्याखाली धरा. चांगली धार दिसतच नाही. जिथे ती बोथट किंवा वळलेली असते तिथे उजेडाचा बारीक ठिपका चमकतो.

घडीव की कापलेली, या प्रश्नाला मी फारसे महत्त्व देत नाही. पोलादी पत्र्यातून कापून काढलेली पाती हलकी आणि पातळ असतात, खर्च कमी येतो, आणि माफक किमतीत त्यांचाच दर्जा बहुधा सरस असतो. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या साध्या प्लास्टिकच्या मुठीच्या सुऱ्या अशाच कापलेल्या पात्यांच्या आहेत आणि व्यावसायिक स्वयंपाकघरांत त्या सर्रास वापरल्या जातात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दिव्याखाली तिसरी सुरी धरून पाहिली. मधल्या बोटभर भागात ठिपक्यांची जवळजवळ सलग ओळ दिसते आहे. आता दोन शंका राहिल्या आहेत. बनावट देशी असल्याची खात्री कशी करावी? आणि पाच-सहा सुऱ्यांचा संच घेणे परवडते का?

प्रतिसाद २

बनावटीच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण एका सुरीच्या मागे पोलाद ओतणे, पत्रा तयार करणे, पाते कापणे, पाणी देणे, घासणे, मूठ बसवणे आणि धार लावणे अशी निरनिराळी कामे असतात आणि ती सगळी एकाच देशात होतात असे नाही. छापाचा अर्थही देशागणिक बदलतो. जर्मनीत झोलिंगेन या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध शहराचे नाव १९३८ पासून कायद्याने राखलेले आहे आणि निर्मितीचे सर्व महत्त्वाचे टप्पे त्या परिसरातच पूर्ण झाले असतील तरच ते पात्यावर घालता येते. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ पासून कारखानी मालाला स्विस म्हणायचे असेल तर उत्पादनखर्चाचा निदान ६० टक्के भाग त्या देशात झालेला असावा लागतो. अमेरिकेत कोणतीही पुस्ती न जोडता ‘अमेरिकेत निर्मित’ असे लिहायचे असेल तर वस्तू संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण तिथलीच असावी, अशी अपेक्षा आहे. ही तक्रार जुनीच आहे: शेफील्डचे नाव कोरलेली परकी पाती बाजारात येतात, म्हणून तिथल्या कारागिरांनी केलेली ओरड ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यामागच्या कारणांपैकी एक होती.

त्यामुळे ‘ही सुरी देशी आहे का’ असे मोघम न विचारता, पाते कुठे कापले जाते, त्याला पाणी कुठे दिले जाते आणि धार कुठे लावली जाते, असे तीन वेगळे प्रश्न उत्पादकाला लेखी विचारावेत. पोलाद बाहेरून आणलेले असेल तर मी ते दोष मानत नाही. कौशल्य आणि रोजगार या नंतरच्या कामांत असतो. याउलट, तयार पाती आणून इथे फक्त मुठी बसवल्या जात असतील, तर आपल्या वडिलांच्या आठवणीपोटी आपण ज्या हातांचा विचार करत आहात त्यांच्यापर्यंत फारच थोडे पैसे जातील. ‘जर्मन पोलाद’ किंवा ‘जपानी पोलाद’ हे शब्दही पोलादाच्या प्रकाराविषयी असतात, सुरी कुठे बनली याविषयी नसतात. एका उत्पादकाने मला पाते परदेशी असल्याचे सरळ कळवले होते, आणि त्याच्या त्या प्रामाणिकपणामुळे मी त्याच्याकडून धार लावायचा दगड घेतला.

संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १८ ते २० सेंटिमीटर पात्याची एक मोठी सुरी आणि ८ ते १० सेंटिमीटरची एक लहान सुरी यांत घरातले जवळजवळ सगळे काम होते; पाव नेहमी कापत असाल तर दात्यांची एक सुरी वाढवा. संचाची किंमत सहा पात्यांत आणि लाकडी ठोकळ्यात विभागली जाते, म्हणून त्यातले प्रत्येक पाते थोडे थोडे हलके पडते.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. फक्त एक पर्याय सुचवावासा वाटतो. लहान कारागिरांकडून सुरी घेणार असाल तर साध्या कार्बन पोलादाचा विचार जरूर करा. ते भट्टीत सांभाळायला स्टेनलेसपेक्षा सोपे असते, त्यामुळे छोट्या कामशाळेतही त्याला उत्तम पाणी देता येते, दगडावर ते झटकन धार घेते, आणि त्याच किमतीत बरेच सरस पाते मिळू शकते.

त्याची निगा मात्र रोजच्या रोज राखावी लागते. आंबट काही कापल्यावर सुरी तशीच ठेवली तर पाच-दहा मिनिटांत पात्यावर करडे डाग उठतात. माझ्या सुरीवर पहिल्या महिन्यात असे निळसर-करडे पट्टे आले तेव्हा मी घाबरून ते घासून काढत असे. पुढे लक्षात आले की हा थर पात्याचे रक्षणच करतो. तांबडा गंज मात्र लगेच काढावा. वापर झाला की धुवा, पुसा, कोरडी करा, आणि बरेच दिवस ठेवायची असेल तर तेलाचे बोट फिरवा. घरात सगळ्यांना ही सवय लागणार नसेल तर स्टेनलेसच घ्यावी.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे पुन्हा उत्तर

ताई, तिसरी सुरी टाकून देण्याआधी एकदा धार लावणाऱ्याला धारेमागचा भाग पातळ करून द्यायला सांगा. नुसती धार वारंवार काढत राहिल्याने पाते झिजत जाते आणि धार दर वेळी पात्याच्या आणखी जाड भागात सरकते. खाचेतून ओढायची धारयंत्रेही टाळा, कारण ती धातू ओरबाडून काढतात.

घरी करायचे असेल तर १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचे माप; आकडा मोठा तितका दगड बारीक) एक दगड पुरे. पाते दगडाशी १५ ते २० अंशांत धरा आणि कोन न बदलता एकाच बाजूने घासत राहा. घाई करू नका. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने धारेच्या बाहेरच्या दिशेला अंगठा हलकेच सरकवलात तर बारीक खरखरीत कणी लागेल. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली की मगच बाजू बदला आणि तिथेही तसेच करा. नंतर दाब कमी करत एकेक हात दोन्ही बाजूंना आळीपाळीने द्या, म्हणजे कणी निघून जाईल. काच, दगड किंवा स्टीलच्या पाटावर न कापता लाकडाच्या पाटावर कापा. एवढे केल्यावरही आठवड्याच्या आत सुरी सालीवरून घसरू लागली, तर पाते मुळातच मऊ आहे असे समजा आणि नवी घ्या.