अण्णा भाऊंना वाचकसंख्येवर मोजता येणार नाही

ज्याची पुस्तकं घरोघरी वाचली जातात तोच लेखक सांस्कृतिक प्रतीक, हा निकष मला पटत नाही. त्यात अण्णा भाऊ साठे बसणार नाहीत, आणि जो निकष अण्णा भाऊंना बाहेर ठेवतो तो मुळातच अपुरा आहे.

वाटेगावचा हा मुलगा शाळा जवळजवळ न शिकता मुंबईत आला, गिरणीत राबला आणि १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड, म्हणजे लोकगीताच्या धाटणीचं गाणं, ज्यांच्या तोंडी बसली, त्यातल्या कितीतरी कामगारांना अक्षरओळखही नव्हती. त्यांना या हिशेबात धरायचंच नाही का?

१९५८च्या दलित साहित्य संमेलनात ते म्हणाले की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलितांच्या तळहातावर तरली आहे. हे वाक्य आजही सभांमधून, फलकांवरून भेटतं. लेखक लोकांच्या जगण्यात उतरतो तो असा. पुढच्याच वर्षी आलेली 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली.

एक मात्र मान्य. १ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, मिरवणुका निघतात, पुतळ्याला हार पडतात, तेवढी 'फकिरा' उघडली जात नाही. याचं मला फार वाईट वाटतं. पण तो दोष आपला, वाचकांचा. जयंतीच्या मंडपातच त्यांची पुस्तकं विकायला ठेवली पाहिजेत. तुमच्या भागात कुणी ठेवतं का?