बोगनवेल: ‘वेल’ कुठून आली आणि ‘फूल’ नेमकं कशाला म्हणायचं?

मूळ प्रश्न (सातारा)

भाची सहावीत आहे. तिच्या वहीत प्रश्न होता, ‘बोगनवेलीच्या फुलाचा रंग लिहा.’ तिनं लिहिलं, ‘पांढरा’. त्यावर लाल शाईची फुली आणि शेजारी ‘गुलाबी’. घरी आली ती डोळे भरूनच, कारण तिनं आठवून लिहिलं नव्हतं, बघून लिहिलं होतं.

मग आम्ही दोघी कुंपणापाशी गेलो. एक झुबका तोडला आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला. तीन गुलाबी पापुद्रे, पतंगाच्या पंखाइतके पातळ, प्रत्येकात शिरांची बारीक जाळी. आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एकेक नळी, काडेपेटीच्या काडीपेक्षा आखूड. तिघींपैकी एकच उमललेली होती आणि तिच्या टोकाला पांढरट पाच टोकांची चांदणी. बाकी दोन अजून मिटलेल्या. मी नळी हळूच सोडवायला गेले तर तिचा देठ शिरेपासून सुटेना, पापुद्राच मधोमध फाटला.

म्हणजे भाची बरोबर होती. पण मला तिला पुढचं सांगता आलं नाही. त्या गुलाबीला मराठीत काय म्हणायचं? पाकळी नाही, हे दिसतंय. पान म्हणावं तर पानं हिरवी, वेगळीच आहेत.

दुसरं असं की, मागे एका लेखात मी ‘बोगनवेल’ लिहिलं होतं, तेव्हा ‘हा अपभ्रंश आहे, बोगनवेलिया लिहा’ असं मला सांगण्यात आलं. ते खरं आहे का?

कराडहून

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण असले शब्द ‘अपभ्रंश’ म्हणून बाजूला टाकलेले पाहिले की वाईट वाटतं.

हे झाड दक्षिण अमेरिकेतलं. फ्रेंच दर्यावर्दी लुई आंत्वान द बूगँविल १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. त्याच्या मोहिमेवर फिलिबेर कॉमर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७६७ साली जहाजं ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोला थांबली असताना हे झाड त्यांच्या नजरेला पडलं आणि नाव दिलं गेलं ते मोहिमेच्या म्होरक्याचं. कॉमर्सनबरोबर मदतनीस म्हणून झान बारे होती. बाईमाणसाला जहाजावर मज्जाव, म्हणून ती पुरुषाच्या वेषात वावरत होती. पृथ्वीला फेरी घालणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. या झाडाच्या गोष्टीत तिचं नाव यायलाच हवं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता शब्द. बूगँविलमधला ‘विल’ हा फ्रेंच गावांच्या आणि आडनावांच्या शेवटी येणारा शब्द. त्याचा अर्थ गाव, वस्ती. त्याला लॅटिन शेपूट लागून ‘विलिया’ झालं. मराठी माणसानं ते ऐकलं तेव्हा त्याच्यासमोर कमानीवर चढलेलं झाड होतं. ‘विलिया’त त्याला ‘वेल’ ऐकू आली. नागवेल, गुळवेल, अमरवेल यांच्या रांगेत ही बोगनवेल जाऊन बसली. याला अपभ्रंश म्हणू नका. परका शब्द कानाला अर्थ लागेल असा करून घेणं हे जिवंत भाषेचं काम आहे. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्कच्या नावातून हापूस आला, तेव्हा आपण कुठे ‘आल्फोन्सो लिहा’ म्हणून हटून बसलो?

आणि मूळ रूपाचाच आग्रह धरायचा तर कुठलं मूळ? १७८९ मध्ये जुस्यू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं हे नाव पहिल्यांदा छापलं ते आजच्यापेक्षा वेगळ्या स्पेलिंगनं. आजचं रूप नंतर ठरलं.

मी तर ‘बोगनवेल’ असंच लिहितो. ती बोगनवेल, बोगनवेलीला, बोगनवेलींचे ताटवे. विभक्तीचे प्रत्यय किती सहज लागतात बघा. ‘बोगनवेलियाला’, ‘बोगनवेलियांच्या’ म्हणताना जीभ अडखळते.

तासगावहून

कराडकर दादांशी सहमत. फक्त ‘वेल’बद्दल थोडं बोलतो, आमचं आयुष्यच वेलीत गेलंय.

आमच्याकडं बोलताना भोपळ्याचा येल, दोडक्याचा येल. तो येल, पुल्लिंगी. पण द्राक्षाची वेल. ती वेल. एकच माणूस एका दमात दोन्ही बोलतो आणि कुणाला खटकत नाही. बोगनवेल मात्र मी कधी पुल्लिंगी ऐकली नाही.

पण ही खरी वेल नाही. द्राक्षाला बाळी असते, ती तारेला विळखा घालते आणि वेल वर जाते. बोगनवेलीला बाळी नाही. तिच्याकडं काटा आहे. पानाच्या बेचक्यातून निघतो, टोकाला जरा वाकडा असतो. लांब धुमारा टाकायचा, जे मिळेल त्यात काटा अडकवायचा आणि अंग टेकायचं. आधार नाही मिळाला तर झुडूप होऊन बसते. छाटत राहिलं तर कुंडीतही मावते. तेव्हा चढणारं झुडूप म्हणा.

अजून एक शब्द सुचवतो: ताण. आटपाडीकडचे डाळिंबवाले बागेला पाण्याचा ताण देतात आणि मग बहर धरतात. बोगनवेलीचं तंत्र तेच. पावसाळ्यात बघा, नुसती हिरवीगार आणि हातभर काटेरी धुमारे. पाऊस सरतो, माती सुकते, दिवस लहान होतो आणि मग रंग सुटतो. लोक रोज पाणी घालतात आणि ‘आमच्या कुंडीला फूलच येत नाही’ म्हणतात. पाणी तोडा. पान जरा मलूल होऊ द्या. हायवेच्या दुभाजकातली बोगनवेल भर उन्हात पेटल्यासारखी दिसते, ती उगाच नाही.

म्हणून मला ‘बोगनवेल फुलली’पेक्षा ‘बहराला आली’ जास्त आवडतं. बहर म्हटलं की फूल कुठलं, पाकळी कुठली, हा वादच उरत नाही.

मिरजेहून

शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

त्या गुलाबी पापुद्र्याला शब्द आहे: छद. आपल्याच जिल्ह्याशेजारी वाईत मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभं राहिलं. त्यातल्या वनस्पतींच्या नोंदींत छद, छदे हा शब्द सतत येतो. फूल ज्याच्या बगलेतून उगवतं ते पानासारखं उपांग म्हणजे छद. बहुतेक झाडांत ते हिरवं आणि इवलंसं असतं, लक्षातही येत नाही. बोगनवेलीत ते मोठं झालं, रंगलं आणि कीटकांना बोलावण्याचं काम त्यानं अंगावर घेतलं.

शब्द किती नेमका आहे पाहा. संस्कृतात ‘छद्’ म्हणजे झाकणं. आच्छादन त्यातलंच, छत्र त्यातलंच. ‘छद’चा अर्थ आवरण असाही आहे आणि पान असाही आहे. सातविणीला सप्तच्छद म्हणतात, सात पानांची म्हणून. ओठांना रदनच्छद म्हणतात, दात झाकणारे म्हणून. बोगनवेलीचा तो पापुद्रा रचनेनं पान आहे आणि कळी असताना कामानं झाकण. दोन्ही अर्थ एका अक्षरजोडीत बसले.

ताई, भाचीला स्वयंपाकघरात न्या आणि केळफूल सोलताना दाखवा. ते जांभळे जाड पदर म्हणजे छदेच, आणि प्रत्येकाच्या आत फुलांची फणी. केवडा घ्या. आपण वेणीत माळतो तो सुगंधी भाग म्हणजे छदे, आणि गंमत अशी की तिथे मराठीनं ‘केवड्याचं पान’ असंच म्हटलं, फूल म्हटलं नाही. बोगनवेलीला मात्र रंगावरून फूल म्हटलं. आमच्या भागातले कानडी बोलणारे शेजारी कागदाचं फूल म्हणतात, आपल्यातही ‘कागदी फुलं’ म्हणणारे आहेत. व्यवहारात म्हणू द्यावं. परीक्षेत प्रश्न विचारणाऱ्यानं मात्र आधी झुबका उलगडून बघावा. त्या मुलीचा गुण कापायला नको होता.

एक भर: त्या पांढऱ्या चांदणीतही पाकळ्या नाहीत. निदलपुंज (बाहेरचा, बहुधा हिरवा फेरा) आणि दलपुंज (आतला पाकळ्यांचा फेरा) असे दोन वेगळे फेरे या फुलात नसतातच, एकच फेरा असतो, त्याला परिदल म्हणतात. तिची चुलत बहीण गुलबक्षी, तिचंही तसंच. आपण जिला गुलबक्षीची पाकळी म्हणतो ती पाकळी नाही आणि खालचा हिरवा पेला हा छदांचाच. बांधावरची पुनर्नवा, म्हणजे घेटुळी, तीही याच घरातली. कुळाचं मराठी नावच पुनर्नवा कुल.

सांगलीहून

सर, गुलबक्षीचं नाव काढलंत म्हणून लिहिते. माझं माहेर साडीच्या दुकानाचं, त्यामुळे माझं लक्ष रंगांकडे.

बोगनवेलीचा नेहमीचा रंग सगळे ‘गुलाबी’ म्हणून मोकळे होतात. गुलाबी नाहीच तो. दुकानात त्याला राणी म्हणतात, आणि आजीच्या तोंडी ‘गुलबक्षी’. म्हणजे फुलाच्या नावावरून रंग ओळखला आणि तो रंग नेमका त्याच फुलाच्या बहिणीवर होता! बाकीचे: विटकरी, डाळिंबी, शेंदरी, पांढरी. फिकट नारिंगीला मी अबोली म्हणते. मोतिया नावाचा एक पिवळसर पांढराही दिसतो. निळी बोगनवेल मात्र कुठे पाहिली नाही.

मिरजेहून

निळी दिसायची नाही, ताई. गोकर्ण, जास्वंद यांचे रंग एका जातीच्या द्रव्यानं होतात, त्याला अँथोसायनिन म्हणतात. बोगनवेलीत ते रंगाचं काम करत नाही. तिच्यात बीटालेन असतं, बीटातलं. लाल माठ, फड्या निवडुंगाची बोंडं, गुलबक्षी, सगळ्यांत तेच. त्यात एक गट लाल-जांभळा, दुसरा पिवळा, आणि दोन्ही कमी-जास्त मिसळून शेंदरी, विटकरी वगैरे छटा. घरी करून बघण्याजोगं आहे: गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं. बीटाच्या पाण्यात पिळा, रंग जवळजवळ तसाच राहतो.

मूळ प्रश्नकर्ती (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीनं वहीत फुलीच्या खाली पेन्सिलीनं लिहिलंय, ‘फूल पांढरे, छद गुलबक्षी.’ उद्या ती झुबका कागदात गुंडाळून बाईंना दाखवायला नेणार आहे. बाईंनी न्यायला सांगितलंय, हे ऐकून बरं वाटलं.

एक शेवटचं विचारते. गच्चीवर एक कुंडी आहे. रोपवाटिकेतून नारिंगी म्हणून आणली. नवी छदे खरंच नारिंगी येतात, पण आठ-दहा दिवसांत गुलाबी होत जातात. एकाच फांदीवर टोकाला नारिंगी, खाली गुलाबी, मधे दोन्हींच्या मधलं काहीतरी. मला आधी वाटलं आपण फसलो. या रंगाला एक शब्द आहे का?

सांगलीहून

फसला नाहीत, ताई. माझ्याकडेही तसलीच आहे. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर हलवला की दोन्ही दिसतात, त्या साडीला आम्ही धूपछाव म्हणतो. मी त्या कुंडीला तेच म्हणते.