काकांचा जुना प्रीमियर ड्रमसेट: किंमत न घालवता साफ कसा करायचा?

रामबागी (इंदूर):
मंडळी, सल्ला हवाय. माझे काका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. गणपतीतले कार्यक्रम, लग्नाची रिसेप्शन, अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या मिलच्या झांक्यांपुढे (चित्ररथांपुढे) ट्रकवरसुद्धा वाजवलंय त्यांनी. त्यांचा प्रीमियर कंपनीचा सेट माळ्यावरून खाली काढलाय: बास (सगळ्यात मोठा ड्रम), एक टॉम, एक फ्लोअर टॉम (पायांवर उभा राहणारा) आणि स्नेअर (खाली तारा असलेला). ड्रमभोवती चिकटवलेला पांढरा मोतिया रॅप साजूक तुपासारखा पिवळा पडलाय, रिमवर (कडेच्या धातूच्या कड्यावर) गंज आहे, ताण द्यायचे काही रॉड हलत नाहीत. टॉमला काकांनी काऊबेल (काठीनं वाजवायची घंटा) लावायला एक भोक पाडलंय. बासच्या पुढच्या हेडवर (ताणलेल्या पडद्यावर) पेंटरनं ऑर्केस्ट्राचं नाव रंगवलंय, त्यातला लाल रंग जागोजागी उडालाय.

आई म्हणते चिंच लावून घास, चकचकीत होईल. सुतार आतून पॉलिश मारून देतो म्हणतोय. एक बँडवाला बघून गेला, तो म्हणे, "भिया, ये रॅप उखाड़ के नया चढ़ा देते हैं, एकदम शोरूम।" लेक ड्रम शिकतेय, तिला वाजवायला द्यायचाय. आज विकायचा नाहीये, पण उद्या विकायची वेळ आलीच तर घेणाऱ्यानं नाक मुरडू नये. सुरुवात कुठून करू?

तानपुरा_उतरला (ग्वाल्हेर):
बँडवाल्याला पुन्हा घरात घेऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच.

दांडियाबाजार (बडोदा):
नवरात्रात मंडपात वाजवतो, उरलेलं वर्ष लोकांचे जुने ड्रम उघडून बसतो. त्यामुळे जरा लांबण लावतो.

फडकं नंतर, आधी मोबाइल घ्या. प्रत्येक ड्रमचे चारी बाजूंनी, आतून, लेबलचे, शिक्क्यांचे फोटो. मग एका वेळी एकच ड्रम उघडा आणि त्याचे रॉड, वॉशर, लग (रॉड ज्यात फिरतात ते धातूचे ठोकळे) त्याच्याच डब्यात ठेवा. श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम. सगळं एकाच परातीत ओतलंत की कुठला रॉड कुठल्या ड्रमचा हे शोधण्यात रविवार जातो. जुन्या लगांच्या पोटात स्प्रिंग असते, ती टणकन उडून कपाटाखाली जाते. तेव्हा लग काढताना खाली चादर अंथरा.

सुताराला चहा पाजून परत पाठवा. साठच्या दशकातल्या प्रीमियरचं शेल, म्हणजे ड्रमचं लाकडी अंग, बर्चच्या लाकडाचं, पातळ असतं आणि आत दोन्ही कडांना मजबुतीसाठी लाकडी रिंग असते. त्या आतल्या लाकडावर जे काही छापलंय, पेन्सिलीनं लिहिलंय, चिकटवलंय, तो तुमच्या सेटचा जन्मदाखला. कंपनी 1922 साली लंडनमध्ये सुरू झाली, 1940 मध्ये बॉम्बहल्ल्यात कारखाना गेला आणि त्यानंतर लेस्टरला हलली. घेणारा माणूस आधी टॉर्च घेऊन आतच डोकावतो. तिथं पॉलिश दिसलं की त्याला पहिली शंका येते, हे लपवायला काय मारलंय! आतून कोरड्या ब्रशनं धूळ काढा, बास.

आता रॅप. अंगठा एका जागी जोरानं घासा, गरम होईपर्यंत, आणि वास घ्या. कापराचा वास आला तर रॅप सेल्युलॉइडचा आहे. सेल्युलॉइडमध्ये खरोखरच कापूर असतो. जुन्या पिंगपाँगच्या चेंडूंचाही हाच माल. ॲसिटोन आणि थिनरनं तो विरघळतो, स्पिरिटचाही भरवसा नाही, काच पुसायचे अमोनियावाले फवारे तर नकोतच. आणि तो पेटतो, भसकन. म्हणून सांधा उचकटला असेल तर ड्रायरनं गरम करून चिकटवायला जाऊ नका. फेव्हिक्विकही नको. सुती पट्टी सैलसर बांधून ठेवा आणि पुढचं जाणत्या माणसाकडून करून घ्या.

पुसायला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, जुन्या सुती साडीचं घट्ट पिळलेलं फडकं. लगेच कोरड्यानं पुसा, सांध्यात पाणी मुरू देऊ नका. मग प्लास्टिकचं बारीक पॉलिश, आधी लगाखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं. लग काढलात की त्याच्याखाली मूळचा पांढरा ठसा दिसेल आणि बाकीचा रॅपही तसाच व्हावा असा मोह होईल. होणार नाही. उजेडानं आलेला तो पिवळेपणा थरात उतरलेला असतो, पॉलिशनं फक्त वरचा मळ आणि बारीक चरे जातात. ब्लीच वगैरेच्या नादी लागू नका. मला तर पिवळा प्रीमियरच आवडतो, पण ती माझी खोड.

आईंना सांगा, चिंच देवाच्या तांब्यासाठी ठेवा. लिंबू, व्हिनेगर, आंबट पावडरी, सगळंच बाद. लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. क्रोमला बारीक छिद्रं पडली असली की आंबट त्यातून आत शिरतं आणि धातू खातं, वरून मात्र आठवडाभर झकास दिसतं. गंजलेल्या रिमला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, चुरगाळा, पाण्यात बुडवून हलक्या हातानं गोल गोल फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा येत नाही, गंज मात्र काळ्या चिखलासारखा निघतो. चिखल पुसला की खाली आरसा. जिथं क्रोमच उडालंय तिथले ठिपके राहतील, राहू द्या. बफिंगवाल्याकडं नेऊन नवं क्रोम चढवू नका. आणि धातूला पिवळसर झाक असेल तर ते निकेल असू शकतं. त्याचा थर पातळ असतो, तिथं फॉइलही नको, नुसतं साबणपाणी.

अडकलेल्या रॉडला रॉकेलचे किंवा गंज सोडवायच्या तेलाचे दोन थेंब, आणि रात्रभर वाट. तेल रॅपवर ओघळू देऊ नका. पक्कड लावलीत तर रॉडचं डोकं गोल होईल आणि मग खरी कटकट. सुटले की टूथब्रशनं आटे साफ करून शिलाई मशीनचं तेल लावा.

हेड मागवण्याआधी शेल मोजा! साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रीमियरची काही मापं आजच्यापेक्षा किंचित मोठी होती. आजचं हेड त्यावर बसत नाही. लोक मग शेलच घासून बारीक करतात आणि सेटची माती करतात. 'प्री-इंटरनॅशनल' मापाचं हेड वेगळं मिळतं, महाग पडतं, पण तेच घ्या.

शेवपोहे (इंदूर):
एक भर. शेलच्या कडा तपासायच्या असतील तर ओट्याच्या ग्रॅनाइटवर शेल उपडं ठेवा, आत मोबाइलचा टॉर्च लावा, खोलीत अंधार करा. खालून उजेडाची फट दिसली तर तिथं कड वाकडी आहे किंवा झिजलीय. फक्त बघायचं, सँडपेपर हातात घ्यायचा नाही. आणि सेट परत माळ्यावर नको. पत्र्याखाली मे महिन्यात काय भट्टी पेटते ते आपल्या मालव्यात सांगायला नको, जुना रॅप त्यानंच आक्रसतो.

रामबागी:
अंगठ्याला कापूर आला! आई म्हणाली आता आरतीच कर त्याची. स्नेअरला लोहचुंबक चिकटत नाही. भोकाचं आणि रंगवलेल्या हेडचं काय करू?

दांडियाबाजार:
चुंबक चिकटत नाही म्हणजे पोलाद नाही. हाताला जड लागत असेल तर क्रोमखाली पितळ, हलकं असेल तर ॲल्युमिनियम. खात्रीसाठी खरवडून बघू नका.

भोक बुजवू नका. लांबी भरलेलं भोक बघून घेणारा आणखी काय काय भरलंय ते शोधत बसतो. उघडं भोक निदान खरं बोलतं. काऊबेलचा क्लँप सापडला तर सेटसोबत ठेवा.

रंगवलेल्या हेडवर पुन्हा रंग चढवू नका, रंगावरून ओलं फडकंही नको. मागे दिवा धरा. ढगाळ, शिरांसारखं असमान दिसलं तर वासराचं कातडं, एकसारखं दिसलं तर प्लास्टिक. मायलरची (प्लास्टिकची) हेड 1957 च्या सुमारास बाजारात आली, पण कातडं त्यानंतरही बरीच वर्षं चाललं. कातडं असेल तर रिंगवरून काढू नका, रिंगसकट जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभं ठेवा, उंदीर-झुरळांपासून लांब. लेकीसाठी पुढं साधं नवं हेड लावा. आणि काका या सेटवर बसलेले असा एखादा फोटो घरात असेल तर शोधा, ज्यात हे नाव वाचता येतंय. एवढा पुरावा फार कमी सेटांना असतो.

रामबागी:
फोटो आत्याकडं आहे, राजेंद्र नगरला. उद्या जातो. फॉइल मात्र आजच आणली, स्नेअरच्या रिमचा एक वीतभर भाग झालाय.