मदत हवी आहे: आम्हाला डायव्हिंग, पोरांना वाळू, आई-बाबांना निवांतपणा... एकाच ट्रिपमध्ये जमेल का?

नमस्कार मंडळी,

एरवी मी वाचनमात्रच असते, पण गेले काही दिवस घरात रोज रात्री याच विषयावर चर्चासत्र चालू आहे आणि निर्णय काही होत नाहीये, म्हणून धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी आणि नवरा दोघंही सर्टिफाइड डायव्हर आहोत, म्हणजे मी ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स), त्याचं अ‍ॅडव्हान्स्डही झालंय. लग्नाआधीपासूनचं वेड. पण धाकटा झाल्यापासून दोघं एकत्र पाण्याखाली गेलेलोच नाही, गेलोच तर एक जण खाली आणि दुसरा किनाऱ्यावर खाऊची पिशवी सांभाळत. आता लेक ९ वर्षांची आहे, पोहते चांगली, मुलगा साडेचार, त्याला फक्त वाळू आणि बादली मिळाली की झालं. आणि यावेळी सासू-सासरेपण येतायत. आईंचे दोन्ही गुडघे बदललेत, सपाटीवर मस्त चालतात पण हलत्या बोटीत पाय टाकायचा म्हटलं की जीव घाबरा होतो. बाबा ७१, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत, आणि त्यांनी आता नवीनच काढलंय की "मलाही एकदा खाली जाऊन बघायचंय."

एक गोष्ट आधीच सांगते, कारण विचारलं की पहिला सल्ला हाच येतो, "अरे मग आजी-आजोबा आहेत ना पोरांकडे बघायला". आहेत, आणि सकाळचे तीन-चार तास ते आनंदाने बघतील, पण त्यांना आम्ही पाळणाघर म्हणून नेत नाहीये. ओळखीत असं बघितलंय, मुलगा-सून दिवसभर बोटीवर आणि म्हातारी माणसं हॉटेलच्या खोलीत एसी लावून नातवंडांबरोबर कार्टून बघतायत. ते घरीपण होतं की, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला. त्यामुळे जागा अशी हवी की आम्ही दुपारच्या जेवणापर्यंत परत, आणि त्यानंतर त्या दोघांना बघण्यासारखं काहीतरी असेल, नुसता समुद्र नको.

आत्तापर्यंत तारकर्ली, अंदमानमधलं हॅवलॉक आणि मालदीव अशी तीन नावं डोक्यात आहेत. मालदीवला मन ओढतंय पण बजेट रडतंय, शिवाय नवऱ्याचं म्हणणं की तिसऱ्या दिवशी बाबा "आता पुढे काय?" विचारायला लागतील. सुट्टी दिवाळी नाहीतर एप्रिल. लेकीला थोडं तरी स्कूबा करता येईल का, बाबांचं काय करायचं आणि आईंना कमीत कमी बोटी लागतील असं कुठे आहे, हे अनुभवी लोकांनी सांगा प्लीज. आईंना मासे चालतात, बाबा शुद्ध शाकाहारी, गुरुवारी तर उपास :)

मालवणी_खेकडा

तारकर्लीच करा हो, डोळे झाकून. मुंबई-पुण्याहून ट्रेनने कुडाळ, तिथून गाडीने तासाभरात मालवण, विमानाने यायचं तर चिपी आहे. आईंना बोटीत बसायची गरजच नाही, देवबागला घराच्या पडवीत बसल्या तरी समोर खाडी आणि मागे समुद्र. संध्याकाळी रॉक गार्डन, मालवणची बाजारपेठ, थाळी. बाबांना सोलकढी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, गुरुवारपण सुटला. पोरांना कर्ली नदीतली बोट शांत असते. एमटीडीसीचं स्कूबा शिकवणारं केंद्रपण तारकर्लीलाच आहे.

निळाई

खेकडेदादा, जेवणाबद्दल शंभर टक्के सहमत, पण धागाकर्ती दोघं सर्टिफाइड आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जे चालतं ते बहुतेक करून पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी, कमी खोलीवर, इन्स्ट्रक्टर टाकीला धरून फिरवतो आणि फोटो काढून वर आणतो. त्यात वाईट काही नाही, हजारो लोकांची समुद्राची भीती त्याने गेली असेल. पण ज्यांनी स्वच्छ पाणी बघितलंय त्यांना तिथे अर्धा वेळ हिरवट धुक्यात फिरल्यासारखं वाटतं. आणि मेअखेर ते ऑगस्टअखेर सगळं बंदच असतं.

माझं मत हॅवलॉक (आता कागदोपत्री स्वराज द्वीप). कारण सांगते. तिथल्या डाइव्ह बोटी सकाळी लवकर निघतात, दोन डाइव्ह करून साधारण जेवणाच्या वेळेला परत, म्हणजे तुमची मुख्य अट तिथेच पूर्ण झाली. द वॉल, अ‍ॅक्वेरियम, लाइटहाउस या साइट जवळ आहेत. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज लांब आणि खोल, ते तुमच्या नवऱ्याच्या लेव्हलचं, तुम्ही तुमच्या ओपन वॉटरच्या १८ मीटरवर खूश राहा. बोटीवर जायचंच नसेल तर नेमो रीफला किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येतं, एक जण तासभर खाली जाऊन आला की दुसरा.

हॉटेल घेताना मात्र एक बघा. गोविंदनगर, विजयनगर बाजूचे बरेच रिसॉर्ट समुद्राला लागून असल्याचं सांगतात, ते खरंच असतं, पण ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि खाली दगड, मेलेली पोवळी उघडी पडतात. साडेचार वर्षांच्या पोराला तिथे पोहता येत नाही, खेकडे बघता येतात फक्त. वाळूसाठी राधानगर बीचला जायचं, रिक्षाने. तिथे संध्याकाळी सॅंडफ्लाय (वाळूतल्या बारीक माश्या) चावतात, पायभर खाज सुटते, लांब पायजमे न्या. मगरीबद्दल सूचनांचे बोर्ड दिसतील, घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका, जिथे पोहायला परवानगी आहे तिथेच उतरा.

आणि दिवाळी नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळं होतात, फेरीबोटी रद्द झाल्या की सगळं वेळापत्रक कोसळतं. एप्रिल गरम आहे पण समुद्र शांत असतो.

धागाकर्ती

निळाई, किती नेमकं लिहिलंत! ओहोटीचं कुणीच सांगितलं नव्हतं. पण फेरीबोटीचं टेन्शन आहे, पोर्ट ब्लेअरहून (आता कागदोपत्री श्री विजयपुरम) हॅवलॉक म्हणजे पुन्हा बोट आलीच ना, आईंचं कसं होणार? आणि हॅवलॉकच्या एलिफंट बीचबद्दल सगळे इतकं लिहितात, तिथे त्यांना नेऊ का?

फिनवाला

मी बरीच वर्षं शिकवतो, त्यामुळे आधी तुमच्या लेकीचं आणि बाबांचं बोलतो.

९ वर्षं म्हणजे पाडीच्या (डायव्हिंगचे कोर्स आणि सर्टिफिकेट देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) नियमाने ८ वर्षांपासून बबलमेकर, म्हणजे मुलांना टाकीने श्वास घ्यायची ओळख करून देणारा प्रकार, करता येतं, पण तेही जास्तीत जास्त २ मीटर खोलीपर्यंत, पूलमध्ये किंवा तितक्याच उथळ शांत पाण्यात. समुद्रातलं ट्राय डाइव्ह (कोर्स न करता इन्स्ट्रक्टरबरोबर उतरणं) आणि ज्युनियर ओपन वॉटर १० वर्षांपासून, आणि १०-११ वर्षांच्या मुलांना कोर्स झाल्यावरही १२ मीटरची मर्यादा, सोबत सर्टिफाइड आई-बाप नाहीतर प्रोफेशनल हवाच. तुम्हाला बीचवर असे लोक भेटतील जे म्हणतील "चालतंय हो मॅडम, नऊ काय नि दहा काय". असा माणूस दिसला की तिथून निघायचं. जो वयाला वाकवतो तो बाकी कशाकशाला वाकवत असेल कोण जाणे. लहान मुलांना कान इक्वलाइझ करणं (कानाच्या आतला-बाहेरचा दाब सारखा करणं) जड जातं, आणि दुखतंय हे ती वेळेवर सांगत नाहीत, हौसेपायी गप्प बसतात. तिला यावेळी छान स्नॉर्कलिंग करू द्या, चेहऱ्याला घट्ट बसणारा तिच्या मापाचा मास्क घरूनच घेऊन जा, भाड्याचे मोठे असतात आणि आत पाणी येऊन पोर वैतागते. तोंड-नाक सगळं झाकणारे फुल फेस मास्क मी मुलांना देत नाही, आत श्वासाची हवा साचू शकते. धाकट्याला लाइफ जॅकेट आणि हात न सोडणारा मोठा माणूस, बास.

आता बाबा. वयाची वरची मर्यादा अशी काही नाही, तब्येतीची आहे. उतरण्याआधी मेडिकल फॉर्म देतात, त्यात बीपी, हृदय, दमा, कानाचं ऑपरेशन वगैरे विचारलेलं असतं, एखाद्याला जरी हो आलं तरी डॉक्टरची सही लागते. लोक काय करतात, सगळ्याला नाही लिहून मोकळे होतात. तसं करू नका. इथूनच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरना भेटा, लागलं तर स्ट्रेस टेस्ट करा, कुठली गोळी चालू आहे तेही सांगा आणि सही घेऊन जा. डॉक्टर नको म्हणाले तर "मग सी-वॉक तरी करू" अशी पळवाट काढू नका, त्यात हेल्मेट घालून समुद्रतळावर चालवतात, केस कोरडे राहतात, चष्मा घालता येतो हे सगळं खरं, पण तुम्ही काही मीटर पाण्याखालीच असता, कानावर आणि शरीरावर दाब तोच. वयस्कर माणसांना स्नॉर्कलिंगमध्येही दम लागू शकतो, कंबरभर पाण्यात, सोबत कोणीतरी ठेवून करू द्या.

शेवटचं, विमान. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर निदान १८ तास उडायचं नाही. म्हणजे शेवटचा पूर्ण दिवस कोरडा, डाइव्हशिवाय ठेवायचा.

पेन्शनर_पुणेकर

मी या धाग्यातल्या बाबांच्या वयाचा, म्हणून लिहितो. आम्हाला मुलाने नेलं होतं हॅवलॉकला. समुद्र चांगला आहे. पण आमच्या वयाला काय लागतं ते ऐका: खाली कमोड, खोलीपासून जेवायच्या जागेपर्यंत वाळूतून न जाणारी वाट, सकाळी साडेपाचला मिळेल असा चहा. तिकडे सूर्य फार लवकर उगवतो आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला मावळायच्या तयारीत असतो, थंडीत तर विचारूच नका. त्यामुळे मुलं दुपारी दोनला परत आली की "जरा पडतो" म्हणतात आणि चारला उठतात, तोवर आमचा दिवस संपलेला. त्यांना आधीच सांगून ठेवा, झोप विमानात काढा.

फिनवाला म्हणतात तो कोरडा दिवस पोर्ट ब्लेअरला ठेवा आणि सेल्युलर जेल बघा. १९०६ साली पूर्ण झालेली इमारत, सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. मला विचाराल तर बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे चुकवू नका. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने आहेत, बाईंना गुडघ्यांमुळे नसेल जमत तर त्यांनी खाली अंगणात पिंपळाजवळ बसावं. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो खुर्चीत बसूनच बघायचा असतो, हिंदी खेळाचं तिकीट आधी काढा. नातीला ९ व्या वर्षी बरंच कळेल. नातू झोपेल, झोपू द्या.

भटकभवानी

थोडं वेगळं सुचवू का, बाली, तुलांबेन? तिथे अमेरिकन जहाजाचा सांगाडा किनाऱ्यापासून अगदी जवळ आहे, १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, किनाऱ्याला आणून ठेवलं आणि १९६३ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेलं. बोट लागतच नाही, चालत जाऊन डाइव्ह. मात्र तिथला किनारा काळ्या गोट्यांचा आहे, आईंच्या गुडघ्यांना अजिबात नाही. त्यामुळे राहायला शेजारचं आमेद, आणि आजी-आजोबांसाठी तीर्ता गंगाचे पाण्याचे बाग. विमानतळावरून गाडीने तीनेक तास, एवढंच जड आहे. मालदीवबद्दल तुमच्या नवऱ्याचं बरोबर आहे, ज्यांना पाण्यात जायचंच नाही त्यांना तिथे पुस्तक वाचण्यापलीकडे काय करायचं हा प्रश्न पडतोच.

धागाकर्ती

काकांचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला, बाबा म्हणाले "हा माणूस समंजस आहे" आणि चहाचा मुद्दा आईंनी लगेच लिहून घेतला :D बाली पुढच्या वेळेला, लेक दहाची झाल्यावर. तर आता एप्रिल, हॅवलॉक असं जवळपास ठरतंय. डॉक्टरची वेळ घेतलीय. हॅवलॉकशेजारच्या नील बेटावर जावं का मग, की दोनच ठिकाणं ठेवावीत? आणि फेरीचं अजून कोणी सांगितलं नाही.

निळाई

अगं राहिलंच. मोठ्या प्रायव्हेट फेऱ्या एसी असतात, साधारण दीड ते अडीच तास, आत विमानासारख्या खुर्च्या. चढताना जेट्टीवरून फळी-पूल लावतात, त्याचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त होतो, पण स्टाफ हात धरून नेतो. आईंची काठी सामानात टाकू नका, हातात ठेवा. खालच्या मजल्यावर, मध्याजवळ सीट घ्या, हलणं कमी जाणवतं, उलटीची गोळी डॉक्टरना विचारून आधीच.

एलिफंट बीच आईंना नाही. छोट्या स्पीडबोटी, आणि उतरताना गुडघाभर पाण्यात उडी. तिकडे तुम्ही पोरीला घेऊन जा, त्या दिवशी नवऱ्याने धाकट्याला सांभाळावं, त्याचीही पाळी आहेच की. नीलला एक मुक्काम करा, बेट सपाट आहे, शांत आहे, भरतपूर बीच जेट्टीला लागूनच आणि उथळ, साडेचारच्या पोराला तेच सगळ्यात आवडेल. काचेच्या तळाची बोट तिथे मिळते पण तीही पाण्यातूनच चढावी लागते, त्यामुळे आईंना त्याची आशा लावू नका. त्यांना पोवळी दाखवायचीच असतील तर पोर्ट ब्लेअरहून नॉर्थ बेला जाऊन अर्ध्या पाणबुडीसारखी बोट असते ती बघा, आत खाली उतरायला जिना आहे तेवढा विचारून घ्या. जुन्या लाल वीसच्या नोटेवर जे चित्र होतं ना, तो तिकडचाच देखावा, बाबांना सांगा, जुनी नोट घेऊन निघतील.

आणि पोरांच्या खिशातले शंख-पोवळी परत निघण्याआधी काढून घ्या, नेता येत नाहीत, विमानतळावर बॅगा तपासतात आणि मग रडारड होते.

फिनवाला

नीलहून परत थेट पोर्ट ब्लेअरला येणारी फेरी बघा, हॅवलॉकला पुन्हा जायची गरज नाही. एप्रिलच्या सुट्टीत तिकिटं लवकर संपतात, विमानाआधी फेरीच्या तारखा बघा आणि मग बाकीचं जुळवा.